जुनाट कंबरदुखी आणि पिलाटेस : उपचार म्हणून कितपत उपयोग?

केतकी_ठाणे

नमस्कार मंडळी. कंबरदुखीवर इथे आधीही धागे निघालेत, पण ते बहुतेक तेल, शेक आणि कुठली गादी घ्यावी याच्याभोवतीच फिरले. मला पिलाटेसबद्दल, म्हणजे श्वास आणि पोट-कंबरेच्या स्नायूंवर भर देणाऱ्या व्यायामपद्धतीबद्दल विचारायचं आहे म्हणून वेगळा धागा काढते.

वय ४३, काम बैठं. मार्चअखेरीला खुर्ची सुटत नाही. दीडेक वर्षापूर्वी बादली उचलताना उसण भरली, आठवड्यात मोकळी झाल्यासारखी वाटली, पण कंबर तेव्हापासून पूर्ण बरी अशी झालीच नाही. सकाळी उठताना ताठ असते, लोकलमध्ये उभं राहिलं की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंनी ओढ लागते. पायात कळ जात नाही, मुंग्या नाहीत. एमआरआयमध्ये कमरेच्या खालच्या मणक्यांत, एल-४ एल-५ ला 'डिस्क बल्ज' (मधली गादी फुगलेली) आणि 'डिजनरेटिव्ह चेंजेस' (झीज) असं आलंय. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी ऑपरेशनची गरज नाही असं स्पष्ट सांगितलं. मग पट्टा झाला, ट्रॅक्शन (कंबर ओढून ताण देणं) झालं, मशीनचा शेक झाला. पट्टा लावला की बरं, काढला की पुन्हा तेच.

आता नवीन फिजिओथेरपिस्टनी क्लिनिकल पिलाटेस, म्हणजे दुखणं तपासून उपचार म्हणून करवून घेतात ते, सुचवलंय. घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात, मणका झिजलाय तर वाकूच नकोस. नणंद म्हणते, हे नट्यांचं खूळ आहे, त्यापेक्षा योगासनं कर. मला खरंच कळत नाहीये. कोणी उपचार म्हणून केलं आहे का? ते यंत्रांवरच करावं लागतं का? आणि माझी डिस्क आणखी बाहेर येईल का, ही भीती आहे.

गवतीचहा

वाचते आहे. माझीही हीच गत आहे, फक्त मी तालुक्याच्या गावी राहते, इथे पिलाटेस हा शब्दही कोणी ऐकलेला नाही.

चलनवलन

केतकी, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे कंबरदुखीचेच पेशंट जास्त असतात. सविस्तर लिहिते, कारण तू विचारलेलं प्रत्येकजण ओपीडीत विचारतं आणि तिथे बोलायला पाच मिनिटंही मिळत नाहीत.

आधी महत्त्वाचं. लघवी तुंबणं किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणं, बसायच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलताना लटकं पडणं, विनाकारण वजन घटणं, कंबरदुखीबरोबर ताप, पूर्वी कॅन्सर होऊन गेलेला असणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यांतलं काहीही असेल तर व्यायामाचा विचार नंतर, आधी डॉक्टर. पहिल्या दोन गोष्टींत तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. तुझ्या लिहिण्यात यातलं काही दिसत नाही. बारा आठवड्यांहून जास्त टिकलेली कंबरदुखी ती जुनाट, म्हणजे तू त्या गटात आहेस.

आता एमआरआय. रिपोर्टातली भाषा वाचून माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस हलत नाही, ही माझी रोजची लढाई आहे. ज्यांना कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के आणि चाळिशीतल्या ५० टक्के लोकांत डिस्क बल्ज दिसला. झीज म्हणशील तर चाळिशीत ६८ टक्के लोकांना होती. हे सगळे न दुखणारे लोक! म्हणजे तुझ्या रिपोर्टात जे लिहिलंय ते ऑफिसातल्या तुझ्या वयाच्या निम्म्या लोकांच्या पाठीत असणार आहे. याचा अर्थ तुझं दुखणं खोटं आहे असा नाही. दुखणं पूर्ण खरं आहे, पण त्याचं एकमेव कारण त्या फोटोत सापडेल असं धरून चालू नकोस.

पिलाटेसचा पुरावा. कोक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था. तिच्या २०१५ च्या आढाव्यात १० अभ्यास आणि ५१० रुग्ण होते. काहीच न करण्यापेक्षा किंवा नुसत्या जुजबी सल्ल्यापेक्षा पिलाटेसने दुखणं आणि हालचालीतली अडचण दोन्ही कमी होतात, असं त्यात निघालं. पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे असं ठामपणे म्हणता आलं नाही. पुढे २०२२ मध्ये वेगवेगळ्या व्यायामांचे ११८ अभ्यास, ९७१० रुग्ण एकत्र तोलून पाहिले गेले, तेव्हा दुखणं कमी करण्यात पिलाटेस वरच्या क्रमांकावर आलं. मी दोन्ही वाक्यं मुद्दाम शेजारी ठेवते आहे. दुसरंच वाक्य घेऊन जाहिराती करणारे खूप आहेत.

डिस्क बाहेर येईल का? व्यवस्थित पायरीपायरीने करवून घेतलं तर त्याची भीती बाळगू नकोस. मणका हा हलण्यासाठीच आहे.

सूर्योपासक

चलनवलन यांचा प्रतिसाद उत्तम. तरी एक शंका मांडतो, रागावू नये. आपल्याकडे भुजंगासन, शलभासन, सेतुबंधासन, मार्जारासन आहेतच. पिलाटेसचा 'ब्रिज' आणि सेतुबंध यात मला फरक दिसत नाही. घरच्या सतरंजीवर फुकट होणाऱ्या गोष्टीसाठी स्टुडिओचे पैसे का मोजायचे? मी ३० वर्षं सूर्यनमस्कार घालतो, कंबर कशी दुखते ते ठाऊक नाही.

जुनीपानं

सूर्योपासक काका, फरक समजायला उगम बघावा लागेल. जोसेफ पिलाटेस हा जर्मन माणूस, जन्म १८८३. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी गांजलेला. त्या अशक्त शरीराला घडवायच्या हट्टातून व्यायाम, कुस्ती, बॉक्सिंग असं सगळं शिकला. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता, जर्मन म्हणून स्थानबद्ध झाला, आइल ऑफ मॅनच्या छावणीत राहिला. तिथे अंथरुणाला खिळलेल्यांना व्यायाम करता यावा म्हणून त्याने खाटांना स्प्रिंगा जोडल्या, अशी कथा सांगतात. १९२६ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. पत्नी क्लारासोबत एट्थ अॅव्हेन्यूवर त्याने व्यायामशाळा चालवली. जॉर्ज बॅलन्चिन, मार्था ग्रॅहम यांच्यासारखे नृत्यातले मोठे लोक त्याच्याकडे येत, दुखापत झालेल्या नर्तकांना पाठवत. म्हणजे दुखावलेल्या शरीराला कामावर परत आणणं हे या पद्धतीत पहिल्यापासून आहे. तो स्वतः तिला 'कंट्रोलॉजी' म्हणायचा. १९६७ मध्ये तो गेला.

केतकीताईंच्या कामाची गोष्ट पुढे आहे. २००० मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने 'पिलाटेस' या नावावरचा ट्रेडमार्क रद्द ठरवला, कारण ते व्यायामपद्धतीचं सर्वसाधारण नाव झालं आहे. तेव्हापासून नावावर कोणाची मालकी नाही. पाटी कोणीही लावू शकतं. त्यामुळे पाटी वाचून काहीही कळत नाही, शिकवणारा माणूसच तपासावा लागतो.

चलनवलन

जुनीपानं, शेवटचा मुद्दा लाखमोलाचा.

सूर्योपासक काका, रागावण्यासारखं काहीच नाही. ज्याला योगासनं जमतात, आवडतात आणि ज्याची कंबर ती सहन करते, त्याने योगासनंच करावीत, मी पिलाटेसकडे वळवणार नाही. अडचण कुठे येते ते सांगते. ज्याची कंबर आत्ता चिडलेली आहे त्याला वर्गात पहिल्या दिवशी पादहस्तासनात पूर्ण ओणवं केलं, तेही बाकीच्यांच्या वेगाने, की तो दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येतो. दोष आसनाचा नाही, पायऱ्या न पाडण्याचा आहे. क्लिनिकल पिलाटेसमध्ये एकेका व्यायामाच्या सोप्या ते अवघड अशा पायऱ्या आधीच पाडलेल्या असतात. आज टाच सतरंजीवर सरकवायची, पुढच्या आठवड्यात पाय इंचभर उचलायचा, मग दोन्ही पाय. एखादा योगशिक्षक अशाच पायऱ्या पाडून शिकवत असेल तर तेही तितकंच चांगलं.

सज्जनगडी

मी केलं आहे, अनुभव लिहितो.

साताऱ्याजवळ हायस्कूलला शिकवतो. दिवसभर फळ्यापुढे उभं राहणं आणि येताजाता मोटारसायकल. कंबर चार वर्षं दुखत होती. गावातल्या मालिशवाल्यांकडे गेलो, चोळून घेतल्यावर दोन दिवस हलकं वाटायचं. शेवटी एका फिजिओथेरपिस्टबाईंकडे गेलो. त्यांच्याकडे यंत्रबिंत्र काही नव्हतं. एक मॅट, एक मोठा चेंडू, रबराचे पट्टे.

पहिल्या दिवशी मला उताणं झोपवलं, गुडघे वाकवून, पावलं जमिनीवर. बीपी मोजायच्या यंत्रासारखी हवेची पिशवी कमरेच्या पोकळीत सरकवली आणि काटा ४० वर येईल एवढी हवा भरली. डायल माझ्या हातात. बाई म्हणाल्या, "सर, श्वास बरगड्यांत घ्या, छाती वर उचलू नका. सोडताना बेंबीखालचं पोट अगदी हलकं आत घ्या. आता उजवी टाच पुढे सरकवा. काटा हलू द्यायचा नाही." काटा सरळ ६० च्या पुढे गेला. मी जोर लावून पोट आवळलं, तर श्वासच अडकला. बाईंनी सांगितलं, जोर नको, शंभरातला वीस-पंचवीस पुरे. कमरेच्या हाडांच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे बोटांची टोकं ठेवायला लावली. खोकलं की तिथे बोटं बाहेर ढकलली जातात, आणि नीट जमलं की बोटांखाली कापड ताणल्यासारखं लागतं. ते पहिल्यांदा लागलं तेव्हा कळलं की पोटाचा हा भाग मी कधी वापरलेलाच नव्हता.

पुढचे काही आठवडे फक्त एवढंच आणि त्याच्या पुढच्या पायऱ्या. पाय आलटून पालटून उचलणं, ब्रिज, चार पायांवर येऊन उजवा हात-डावा पाय लांब करणं, कुशीवर झोपून पाय उचलणं. घाम येत नाही म्हणून मला हा व्यायामच वाटत नव्हता. पण महिन्याभराने फळ्यावर खालच्या ओळीत लिहायला वाकलो आणि वाकल्यावर लक्षात आलं, हात टेबलाला टेकवला नाही. अजूनही परीक्षेच्या काळात तपासणीला बसलो की कंबर बोलते. पूर्ण गेली असं म्हणणार नाही. पण मी तिला घाबरत नाही.

केतकीताई, यंत्राशिवाय होतं. माझं झालं.

निर्मला_६६

मला एक धोक्याची सूचना करायची आहे, तरुण मंडळींनी आपापल्या आयांना आणि सासवांना सांगावी.

माझ्या हाडांची घनता कमी आहे, डेक्सा तपासणीत ऑस्टिओपोरोसिस आला आहे. लेकीने हौसेने एका स्टुडिओत नाव घातलं. तिथल्या मुलीने काही विचारलं नाही, मीही आपणहून सांगितलं नाही कारण व्यायामाचा आणि हाडांच्या तपासणीचा संबंध असतो हे मला कोणी सांगितलेलंच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी उताणं झोपून एकेक मणका उचलत पुढे पायांपर्यंत वाकायला लावलं. पाठीच्या मध्यावर अशी कळ आली की बसता येईना. एक्स-रेत नशिबाने फ्रॅक्चर नव्हतं. डॉक्टर मात्र खूप चिडले.

चलनवलन

निर्मलाताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सर्वांनी नीट वाचा.

त्या व्यायामाला 'रोल अप' म्हणतात. तो, गोळा होऊन पाठीवर झुलायचा 'रोलिंग लाइक अ बॉल', आणि डोकं-खांदे उचलून करायचा 'हंड्रेड', हे पिलाटेसचे सगळ्यात प्रसिद्ध व्यायाम आहेत आणि ठिसूळ हाडांना हेच चालत नाहीत. पाठ पुढे गोल करून भार दिला की मणक्यांच्या पुढच्या कडेवर दाब येतो आणि ठिसूळ मणका तिथे चेपतो. मेयो क्लिनिकमधला १९८४ चा एक अभ्यास आम्हाला शिकताना सांगतात. ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ स्त्रिया होत्या. पाठ मागे ताणायचे व्यायाम करणाऱ्यांत १६ टक्क्यांना नवीन चेप आढळली, आणि फक्त पुढे वाकायचे व्यायाम करणाऱ्यांत ८९ टक्क्यांना. अभ्यास लहान आहे, त्या दुसऱ्या गटात तर नऊच जणी होत्या, तरी त्यानंतर कोणी शहाणा फिजिओ अशा पेशंटला पुढे गोल करत नाही. निर्मलाताईंसाठी पालथं झोपून छाती उचलणं, ब्रिज, उभ्याने भिंतीला धरून करायचे व्यायाम, तोल सांभाळायचे व्यायाम, असा वेगळाच संच लागतो. पिलाटेस बंद करायचं नाही, त्यातून निवडायचं.

गरोदर बायका, नुकतीच प्रसूती झालेल्या, ज्यांची कळ पुढे वाकलं की पायात उतरते असे, या सगळ्यांसाठीही निवड बदलते. म्हणून पहिल्या दिवशी तुम्हाला अर्धा तास नुसते प्रश्न विचारणारी, वाकवून, झोपवून, पाय उचलून तपासणारी व्यक्ती हवी. जिथे पहिल्याच दिवशी थेट बॅचमध्ये उभं करतात तिथे जुनाट दुखणं घेऊन जाऊ नका.

हिंजवडीकर

रिफॉर्मर यंत्राबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पुण्यात आता बरेच स्टुडिओ झालेत. रिफॉर्मर म्हणजे सरकत्या पाटाची खाटच, पाटाला स्प्रिंगा असतात. त्या कमीजास्त लावून जोर वाढवता-घटवता येतो. लोकांना वाटतं यंत्र म्हणजे अवघड. माझा अनुभव उलटा आहे. स्प्रिंग पाटाला आधार देते, त्यामुळे सुरुवातीला मॅटवर जे जमत नव्हतं ते रिफॉर्मरवर जमलं. झोपून पायांनी पाट ढकलायचा, म्हणजे उठाबशाच, पण पाठीवर वजन न घेता. खर्च मात्र जिमच्या कितीतरी पट. मी तीन महिने यंत्रावर केलं, मग घरी मॅटवर आलो. फायदा टिकला आहे.

प्रशिक्षकाचा कोर्स काय, किती तासांचा, दुखणं असलेल्या लोकांबरोबर काम केलंय का, हे बेधडक विचारा. चांगला प्रशिक्षक चिडत नाही, उलट फिजिओचा रिपोर्ट मागतो.

चलनवलन

हिंजवडीकर, बरोबर. भर एवढीच घालते की फिजिओथेरपिस्टची राज्याच्या परिषदेत नोंदणी असते, तो नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. पिलाटेस प्रशिक्षकाला अशी सरकारी नोंदणी लागत नाही.

मेलबर्नची_माई

इकडची गोष्ट सांगते. ऑस्ट्रेलियात फिजिओकडे क्लिनिकल पिलाटेस अगदी सर्रास चालतं, माझ्या सुनेलाही बाळंतपणानंतर त्याचाच उपयोग झाला. पण १ एप्रिल २०१९ पासून खाजगी आरोग्यविम्याच्या सवलतीतून योग, पिलाटेस अशा सोळा पद्धती सरकारने काढून टाकल्या, कारण सरकारी आढाव्यात पुरावा पुरेसा ठरला नव्हता. लोक खूप नाराज झाले होते. म्हणून वर चलनवलन यांनी दोन्ही बाजू मांडल्या ते मला आवडलं.

केतकी_ठाणे

किती छान माहिती मिळाली! सासूबाईंना एमआरआयचे आकडे वाचून दाखवले, त्या गप्प राहिल्या पण रात्री म्हणाल्या, "मग माझ्याही पाठीचं बघायला हवं." निर्मलाताईंचा प्रतिसादही त्यांना वाचून दाखवला. डेक्सा करून घेतोय.

आता पुढचे प्रश्न. आठवड्यातून किती वेळा? करताना दुखलं तर थांबायचं का? आणि पट्टा सोडू का? पट्ट्याशिवाय लोकलला जायची हिंमत होत नाही.

चलनवलन

किती वेळा: यावर ब्राझीलमध्ये २९६ रुग्णांवर नेटका अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला फक्त पुस्तिका, बाकी तीन गटांना सहा आठवडे पिलाटेस, आठवड्यातून एकदा, दोनदा, तीनदा. पिलाटेसचे तिन्ही गट पुस्तिकेपेक्षा चांगले निघाले. एकदापेक्षा दोनदा करणाऱ्यांना जास्त फरक पडला. दोनदा आणि तीनदात दुखण्याच्या बाबतीत फारसं अंतर नव्हतं. म्हणून मी पेशंटला दोन दिवस माझ्याकडे बोलावते आणि बाकी घरी थोडं थोडं करायला सांगते.

दुखलं तर: शून्य ते दहामध्ये नेहमीचं दुखणं तीन असेल आणि व्यायामात चार झालं, रात्रीपर्यंत पुन्हा तीनवर आलं, तर चालू ठेव. पाचच्या पुढे गेलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही वाढलेलंच राहिलं तर एक पायरी खाली ये, बंद करू नकोस. कळ पायात उतरायला लागली तर मात्र थांब आणि फिजिओला सांग. पहिल्या दोन आठवड्यांत स्नायू दुखतील, ते दुखणं वेगळं असतं, तुला ओळखू येईल.

पट्टा: जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. व्यायाम आणि दुखण्याबद्दलचं शिक्षण यांची त्यात शिफारस आहे. कंबरपट्टा, ट्रॅक्शन आणि अल्ट्रासाऊंडचा शेक नेहमीच्या उपचारात नको, असं त्यात म्हटलं आहे. तू या तिन्हीतून गेलीस आणि तुला टिकाऊ आराम पडला नाही, यात तुझं काही चुकलं नाही. पण पट्टा एकदम फेकू नकोस. आधी घरात काढ, मग जाताना लाव आणि येताना पिशवीत ठेव, मग तोही राहू दे.

आणि हे मी जरा तळमळीनेच लिहिते. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॉजेस आणि रिचर्डसन यांनी दाखवलं की निरोगी माणूस हात उचलायच्या आधीच त्याच्या पोटाचा सगळ्यात आतला आडवा स्नायू आवळलेला असतो, आणि कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा जागा होतो. त्यावरून जगभर 'कोअर'चं, म्हणजे पोट-कमरेच्या आतल्या स्नायूंचं वारं आलं. सज्जनगडी सरांच्या बाईंनी पिशवी आणि काटा वापरला तो त्याच विचारातून. ते शिकणं उपयोगी आहेच. पण पुढच्या काळात असंही दिसलं की चालण्यापासून वजनं उचलण्यापर्यंत अनेक व्यायामांनी लोक बरे होतात, त्यांचा तो स्नायू वेळेवर जागा होवो न होवो. २०२१ च्या कोक्रेन आढाव्यात २४९ अभ्यास होते आणि एकूणच व्यायामाने दुखण्याच्या १०० गुणांच्या मापावर सरासरी १५ गुणांनी दुखणं उतरलं. म्हणून मी पेशंटला दिवसभर पोट आत धरून वावरायला सांगत नाही. उलट तसं करणारे आखडूनच राहतात. माझ्या अनुभवात पिलाटेसचं मोठं काम वेगळं आहे. ज्या माणसाने दीड वर्ष वाकणं टाळलंय, त्याला कोणीतरी शेजारी उभं राहून, मोजूनमापून, पुन्हा वाकायला शिकवतं. सरांनी लिहिलं तसं, घाबरणं जातं. ते गेलं की बाकीचं शरीर बऱ्याच अंशी आपणहून सुधारतं.

सूर्योपासक

हे पटलं. आमच्या मंडळाच्या सकाळच्या वर्गात नवीन येणाऱ्याला हाडांचा आणि पायात उतरणाऱ्या कळेचा प्रश्न विचारायचं आजपासून ठरवलं. इतकी वर्षं आम्ही फक्त बीपी आणि दमा विचारत होतो.

केतकी_ठाणे

धागा वर काढते आहे. अडीच महिने होत आले. आठवड्यातून दोनदा फिजिओकडे, बाकी घरी.

काय बदललं ते नेमकं लिहिते, पुढे कोणी शोधत आलं तर उपयोग होईल. सकाळचा ताठरपणा अजून आहे, पण चहा होईपर्यंत मोकळा होतो, आधी दुपार व्हायची. लोकलमध्ये मुलुंडपासून दादरपर्यंत उभी राहू शकते. पट्टा कपाटात आहे. तिसऱ्या आठवड्यात एकदा जोरात चमक भरली, तेव्हा सगळं सोडून द्यावंसं वाटलं. फिजिओने घरी राहू दिलं नाही, बोलावून घेतलं आणि त्या दिवशी फक्त श्वास, टाच सरकवणं आणि मांजरासारखी पाठ वरखाली एवढंच करून घेतलं. दोन दिवसांत ओसरलं. पूर्वी अशा वेळी मी आठवडाभर आडवी व्हायचे.

काय बदललं नाही: सलग दोन तास खुर्चीत बसले की ओढ लागतेच. तासातासाला उठायचा गजर लावलाय. सासूबाईंचा डेक्सा रिपोर्ट सीमेवरचा आला, त्यांना वेगळे व्यायाम दिलेत. आम्ही दोघी संध्याकाळी हॉलमध्ये सतरंज्या टाकून करतो.

निर्मला_६६

केतकी, फार बरं वाटलं वाचून. सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

गवतीचहा

मी पहिल्यापासून नुसतीच वाचते आहे. एकच विचारते, चलनवलन ताई. माझ्या गावात फिजिओ नाही. जिल्ह्याला महिन्यातून एखाद्या वेळी जाणं होईल. मोबाइलवर व्हिडिओ बघून सुरू करू का?

चलनवलन

एकदा तरी जिल्ह्याला जाऊन तपासून घे. सिव्हिलमध्ये फिजिओथेरपी विभाग असला तर तिथे बघ. सगळ्या लक्षणांची यादी लिहून ने आणि चार-पाचच व्यायाम मागून घे. ते करताना फिजिओलाच तुझ्या मोबाइलवर तुझाच व्हिडिओ काढायला सांग. दुसऱ्या कोणाच्या बारीक लवचिक शरीराचा व्हिडिओ बघण्यापेक्षा तो शंभरपट उपयोगी. पुढच्या महिन्यात तोच दाखवून पुढची पायरी घे.

आणि तोवर चालायला लाग. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला, ७०१ लोकांचा, नुकतेच कंबरदुखीतून उठलेले. फिजिओच्या सल्ल्याने हळूहळू चालणं वाढवणाऱ्यांना पुन्हा दुखायला लागेपर्यंतचा मधला काळ २०८ दिवस निघाला, काहीच न करणाऱ्यांना ११२. तुझं दुखणं आत्ता चालूच आहे, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा तुला लागू नाही, तरी चालणं तुलाही चालतं. सध्या न थांबता किती चालू शकतेस ते इथे लिही, त्यावरून सुरुवात किती करायची ते सांगते.